तुम्ही विचारलंत म्हणून: मालिका बघून कुणी विचार करतं का?

मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते, अधूनमधून पटकथाही. हे समोरच्याला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, पटकथेच्या कार्यशाळेत, सगळीकडे तोच: "या मालिका बघून योग्य काय, अयोग्य काय, असा काही विचार लोकांच्या मनात येतो का हो खरंच?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी तक्रार. कधी काळजीही असते, कारण घरी आई किंवा सासूबाई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या असतात. हात धुता धुता देता येईल असं याचं उत्तर नाही, म्हणून इथे लिहिते.

विचार येतो, असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी मालिकेला एक काम करावं लागतं. जे पात्र बघणाऱ्याला आपलं वाटतं, त्याला अशा जागी आणून उभं करायचं, की कुठल्याही वाटेने गेलं तरी कुणाचं तरी नुकसान होणारच. आणि मग त्याला तिथे काही काळ उभं राहू द्यायचं. निकाल लगेच सांगायचा नाही. हा जो 'काही काळ' आहे, तो मालिकेइतका कुणाकडेच नसतो. नाटकाचा पडदा तीन तासांत पडतो. मालिका आज अर्ध्यावर थांबते, उद्या पुन्हा सुरू होते, आणि मधल्या वेळात घरातली माणसं त्यावरून हमरीतुमरीवर येतात. सकाळी भाजी निवडताना "तिने असं करायला नको होतं" असं कुणीतरी म्हणतं आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, "मग काय करायला हवं होतं तिने?" आम्ही लेखक ज्यासाठी राबतो ते हे दुसरं वाक्य.

आपल्या देशात हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडलं ते 'हम लोग'मुळे. ७ जुलै १९८४ ला ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चालली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. तिच्यामागची कल्पना मेक्सिकोतून आली होती. तिथे मिगेल साबिदो नावाच्या दिग्दर्शकाने सत्तरच्या दशकात प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय घेऊन मालिका केल्या होत्या. त्याला हे सुचलं पेरूमधल्या १९६९ च्या एका मालिकेवरून. खेड्यातून शहरात आलेली मारिया लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबते, शिवणकाम शिकते, त्यात नाव कमावते, अशी ती गोष्ट. ती बघून तिकडच्या बायकांनी शिवणयंत्रं घेतली, शिवणाच्या वर्गांना गर्दी झाली. असं काही व्हावं म्हणून कुणी ती मालिका लिहिली नव्हती. साबिदोने ते ठरवून घडवायची पद्धत बसवली. त्याच्या मालिकांत पात्रांचे तीन गट असत. एक हवं ते वागणारी, दुसरी नको ते वागणारी, आणि तिसरी या दोघांच्या मध्ये हेलकावे खाणारी. त्याचं खरं कसब मला या तिसऱ्या गटात दिसतं. देवमाणूस आणि दुष्ट माणूस यांच्याकडे आपण लांबून बघतो. काय करावं हे ज्याला कळत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

'हम लोग'च्या सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा प्रचार इतका उघड होता की लोक कंटाळले. मग तो प्रचार मागे सारला गेला, कुटुंब पुढे आलं, आणि तेव्हा कुठे मालिकेने पकड घेतली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर यायचे आणि त्या दिवशी जे घडलं त्याबद्दल थोडक्यात, वडीलधाऱ्या माणसासारखं बोलायचे. लोकांना ते आवडायचं. मालिकेच्या काळात प्रेक्षकांची जवळपास चार लाख पत्रं आली. बडकीने, म्हणजे त्या घरातल्या मोठ्या मुलीने, लग्न करावं की नाही, याबद्दल तरुण मुलंमुली अशोककुमारांना लिहीत होती, जणू बडकी त्यांच्याच गल्लीत राहत होती.

आणि मग भगवंती. या घरातली आई. नवरा बसेसर राम दारुडा, सासू टाकून बोलणारी, आणि ही सगळं गिळून चूल पेटती ठेवणारी. मालिकेच्या आखणीत ती 'बायांनो, अशा राहू नका' हे सांगण्यासाठी होती. तिच्यासमोर बडकी होती, स्वतःच्या पायावर उभी राहू बघणारी. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांकडे चौकशी केली, तर कितीतरी जणांनी, त्यात बायकाही आल्या, भगवंतीलाच आदर्श मानलं होतं. तिच्यासारखं सोसावं, तिच्यासारखं घर सांभाळावं.

कार्यशाळेत हे सांगितलं की मुलं म्हणतात, "म्हणजे मालिका फसली." मला तसं वाटत नाही. मालिका बघणाऱ्या त्या बायकांच्या जागी जरा बसून बघा. त्यांच्या आया भगवंतीसारख्याच जगल्या होत्या. भगवंतीचं चुकलं असं म्हणायचं, तर आपल्या आईचं सगळं आयुष्य चुकीचं ठरवावं लागणार. ते कोण करेल? आणि का करावं? तिच्या सोसण्याला मान देणं आणि तिने तसं सोसायला नको होतं असं म्हणणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात, पण त्यासाठी वेळ लागतो, आणि शेजारी कुणीतरी बोलायला लागतं. ज्या मुलीने आईला म्हटलं असेल, "तू भगवंतीसारखी आहेस, आणि मला तसं व्हायचं नाही," तिच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, ते कुठल्याच पाहणीत येणार नाही. मला मात्र त्यात फार रस आहे. लेखकाने एक ठरवावं आणि बघणाऱ्याने भलतंच घ्यावं, याची मला भीती वाटत नाही. उलट त्यानेच मला माझा प्रेक्षक झोपलेला नाही याची खात्री पटते.

मराठीतलं उदाहरण द्यायचं तर मी नेहमी 'उंच माझा झोका' घेते. २०१२ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली, विरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केलेली रमाबाई रानड्यांची गोष्ट. तेजश्री वालावलकरने लहान रमा केली, स्पृहा जोशीने मोठी, आणि विक्रम गायकवाड न्यायमूर्ती झाले होते. रमाबाईंचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० मध्ये आलेलं पुस्तक ज्यांनी वाचलं आहे त्यांना या गोष्टीच्या मुळाशी असलेला पेच माहीत आहे. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या विधवाविवाहाच्या चळवळीत ते सुरुवातीपासून उभे होते. आता स्वतःवर वेळ आली होती. सुधारकांची अपेक्षा उघड होती, की त्यांनी विधवेशी लग्न करावं. वडिलांनी अकरा वर्षांच्या रमेशी लग्न ठरवलं. रानड्यांनी नकार दिला, विनवणी केली, पण वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली तेव्हा मान तुकवली. विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे स्वतः विधवेशी लग्न केलं, ही गोष्ट त्यामुळे अधिकच बोचते.

शाळेच्या पुस्तकात रानडे एक परिच्छेद असतात. मालिकेत ते रोज रात्री तुमच्या घरी येतात. पोरवयाच्या बायकोला अक्षरं शिकवताना दिसतात, घरातल्या बायका तिच्या शिकण्यावरून तिला घालून पाडून बोलतात तेव्हा तिच्या पाठीशी असतात. तुमचा जीव जडतो. आणि जीव जडलेल्या माणसाला दोष देणं किती अवघड असतं ते तेव्हा कळतं. आमच्याकडे या मालिकेवरून सासूबाई आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका यांचं चांगलंच जुंपलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, बापाचं मन मोडून उभारलेली सुधारणा काय कामाची? बाईंचं म्हणणं, मग सभांमधून दुसऱ्यांच्या मुलांना बापाचं मन मोडायला कशाला सांगत होते? दोघींनाही रानड्यांबद्दल आदर होता. म्हणून तर ते भांडण भांडण्यासारखं होतं. दोघींपैकी एकीला जरी ते पात्र नकोसं असतं, तरी दोन वाक्यांत विषय संपला असता.

या पेचात एक सापळाही आहे, आणि त्यात मीही बराच काळ पाय ठेवून उभी होते. रानडे वडिलांपुढे ठाम राहिले असते तर रमा या घरात आलीच नसती. मग रमाबाई रानडे झाल्या नसत्या, पुण्याच्या सेवासदनाला त्यांचा हात लाभला नसता. मग झालं ते बरंच झालं, नाही का? हा हिशोब मालिका बघताना फार सहज होतो, कारण रमेचा चेहरा रोज समोर असतो. ज्या विधवेशी लग्न होऊ शकलं असतं, ती पडद्यावर नसते. तिला नाव नाही, वय नाही, तिचं केशवपन झालं होतं का हे ठाऊक नाही. ती कुणाच्या तरी माजघरात राहिली आणि तिथेच संपली. नाटकातली सहानुभूती जिचा चेहरा दिसतो तिच्याकडे धावते. ही नाट्यकलेची ताकद आहे आणि तिचा अपुरेपणाही. शेजारच्या बाई एकदा सासूबाईंना म्हणाल्या, "अहो, पण त्या दुसऱ्या बाईचं काय?" सासूबाईंनी विचारलं, "कुठली दुसरी बाई?" त्यानंतर त्या जे बोलत बसल्या, तसा संवाद मला अजून लिहिता आलेला नाही.

चेहरा दाखवण्याच्या या ताकदीचा मला माहीत असलेला सगळ्यात धाडसी वापर 'तमस'मध्ये आहे. भीष्म साहनींच्या फाळणीच्या दंगलींवरच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर दाखवली गेली. सुरुवातीलाच कातडी कमावणाऱ्या नत्थूला, म्हणजे ओम पुरींना, एक ठेकेदार पाच रुपयांची नोट देतो आणि एक डुक्कर मारून द्यायला सांगतो. जनावरांच्या डॉक्टरांना हवंय, म्हणतो. रात्रभर झटून नत्थू ते काम करतो. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि शहर पेटतं.

नत्थू दोषी आहे का? त्याला काही माहीत नव्हतं. पण काहीतरी विचित्र आहे हे त्याला जाणवलं नव्हतं का? आणि जाणवलं असतं तरी त्या ठेकेदाराला नाही म्हणणं त्याला परवडणार होतं का? मालिका यातलं काहीच सांगत नाही. ती नत्थूला त्याच्या बायकोसमोर, दीपा साहींच्या कर्मोसमोर, बसवते, आणि तो आतून पोखरला जाताना आपण बघत राहतो. दंगलीच्या बातम्यांत 'समाजकंटक' असा शब्द येतो. या मालिकेने त्या शब्दाच्या मागे एक गरीब, घाबरलेला, बायकोवर प्रेम करणारा माणूस उभा केला. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी वरिष्ठाने सांगितलं म्हणून, जास्त न विचारता एखादं काम केलेलं असतं. तेवढ्यापुरते आपण त्याच्या जागी जातो.

ही मालिका थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका बघितली आणि प्रक्षेपणाला मोकळीक दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारीत तिथेही मालिकेच्या बाजूनेच निकाल लागला. त्या निकालात नागपूरच्या उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती विवियन बोस यांनी चाळीसच्या दशकात घालून दिलेली कसोटी उचललेली आहे. तिचा आशय असा, की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजावा, कच्च्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने मोजू नये. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण लिहायला बसते तेव्हा हे वाक्य माझ्यापुढे असतं. पात्र डळमळणारं हवं, आणि बघणारा खंबीर आहे असं धरून लिहायला हवं. आमच्या क्षेत्रात बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. पात्रं दगडासारखी पक्की असतात आणि बघणाऱ्याला कच्चं समजलं जातं.

हे कसं होतं तेही सांगते, कारण तुमच्या तक्रारीतला खरा भाग इथेच आहे. नव्या ट्रॅकसाठी, म्हणजे मालिकेतल्या नव्या कथाधाग्यासाठी, बैठक बसते. आम्ही वन लाइन, म्हणजे गोष्टीचा थोडक्यात सारांश, ऐकवतो. पहिला प्रश्न येतो, "ही पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह?" हे एकदा ठरलं की पुढचं सगळं त्याच्या मागून येतं. साडीचा रंग, टिकलीचा आकार, ती चौकटीत आली की वाजणारं संगीत, तिच्या चेहऱ्यावर तीनदा मारलेला झूम. बघणाऱ्याने काय समजायचं ते तिने तोंड उघडायच्या आधी ठरलेलं असतं. खिरीत विष कालवणाऱ्या बाईला बघून कुणाच्याही मनात कसलाच नैतिक विचार येत नाही. ती काही निवडतच नसते, तिच्या वतीने आम्ही आधीच निवडून ठेवलेलं असतं. आठवड्यातून सहा दिवस भाग द्यायचा असतो, दर गुरुवारी रेटिंग येतं, ते घसरलं तर चालू ट्रॅक गुंडाळावा लागतो. या दडपणाखाली माणसं सोप्याकडे वळतात, हे मला समजतं. पण तोच प्रेक्षक 'हम लोग' आणि 'तमस' बघून उभा राहिला होता, हेही मी विसरू शकत नाही.

पोलंडमध्ये १९८९ च्या सुमारास टीव्हीवर 'डेकालॉग' ही दहा भागांची मालिका आली. दिग्दर्शक क्रिश्तोफ किश्लोव्स्की, सहलेखक एक वकील, क्रिश्तोफ पिएसेविच. दुसऱ्या भागात एक बाई नवऱ्याच्या डॉक्टरांना गाठते. नवरा अत्यवस्थ आहे, ती गरोदर आहे, मूल दुसऱ्याचं आहे. नवरा जगणार असेल तर ती गर्भपात करणार, जाणार असेल तर मूल ठेवणार. डॉक्टरांनी नक्की काय ते सांगावं. डॉक्टर शपथेवर सांगतात की तो वाचणार नाही. तो वाचतो. डॉक्टर खोटं बोलले की त्यांचा अंदाज चुकला, हे आपल्याला सांगितलं जात नाही. आणि मग आठव्या भागात, वेगळ्याच गोष्टीत, विद्यापीठातल्या नीतिशास्त्राच्या वर्गात कुणीतरी हीच हकिगत पेच म्हणून मांडतं आणि सगळे त्यावर बोलतात. आपल्याच मालिकेतला जुना पेच प्रेक्षकाने घरी नेला असणार, हे लेखकांनी इतक्या विश्वासाने गृहीत धरलेलं बघून मला त्यांचा हेवा वाटला.

सध्या मी एका मालिकेसाठी एक ट्रॅक लिहिते आहे. नाव सांगायची मुभा नाही, पण पेच सांगते. जिल्हा परिषदेच्या कार्यालयात कारकून असलेल्या एका बाईला फायली चाळताना कळतं, की तिच्या दिराने नोकरीसाठी दिलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र बनावट आहे. दीर प्रेमळ आहे, कामात चोख आहे. त्याच्या लहान मुलीचं डायलिसिस चालू आहे आणि ते त्याच्या पगारावर चालतं. तिने गप्प बसावं की तक्रार करावी?

बैठकीत हा ट्रॅक सगळ्यांना आवडला. मी एक मागणी केली. प्रतीक्षायादीत त्या दिराच्या खाली ज्याचं नाव होतं, जो खरोखर एका पायाने अधू आहे आणि ज्याची ही नोकरी हुकली, तो मुलगा दाखवायचा. "कशाला? त्याने लोकांची सहानुभूती विभागली जाईल," असं मला सांगण्यात आलं. विभागली जावी म्हणूनच तो हवा आहे, असं मी म्हटलं. बराच वाद झाला. रानड्यांच्या गोष्टीतल्या त्या न दिसणाऱ्या बाईचं उदाहरण दिलं, तेव्हा दिग्दर्शक माझ्या बाजूला आले. आता त्या मुलाला नाव आहे, पेट्रोल पंपावर रात्रपाळीचं काम आहे, आणि दर काही महिन्यांनी नव्या जाहिरातीचा फॉर्म भरणारी बहीण आहे. डायलिसिसवरच्या मुलीचा सीन आणि त्याचा सीन एकाच भागात, एकामागून एक येतील. दोन्हीकडे पार्श्वसंगीत नको, अशी टीप मी पानावर लिहून ठेवली आहे.

त्या बाईने काय केलं ते मला ठाऊक आहे, पुढचे भाग लिहून झाले आहेत. पण ते पडद्यावर यायला वेळ आहे, आणि तेवढा वेळ मी मुद्दाम मागून घेतला आहे. मधल्या दिवसांत तुमच्या घरी कोण कोणाच्या बाजूने बोलतं, आणि कुणी मधेच बाजू बदलली का, ते पुढच्या वेळी भेटलात की मला नक्की सांगा.